अजगर झोपलाय

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या घरात आळस हे एकच पाप होतं, आणि धाकटा भाऊ म्हणजे त्या पापाचा पुतळा. इकडची काडी तिकडे करायचा नाही. मिस्त्रीने त्याचं नावच अजगर ठेवलं होतं.

तोच अजगर एकाएकी कामाला वाघ झाला. मशीन खोल, एकेक स्क्रू पुसून ओळीत लाव, पुन्हा जोड. ना भूक, ना झोप. मिस्त्री येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "उशिरा का होईना, शहाणा झाला." रोज त्याची पाठ थोपटायचा. चांगली चालणारी मशीनसुद्धा तो पुन्हापुन्हा खोलू लागला, तेव्हाही मिस्त्रीला त्याचं कौतुकच वाटलं. मग एके दिवशी धाकटा दुकानातच कोसळला आणि डॉक्टरांनी सांगितलं, ही मेथ नावाच्या, भूक-झोप उडवणाऱ्या पावडरीची नशा आहे. गावोगाव पसरत ती या गल्लीतल्या कारखान्यांतही पोचली होती, आणि मिस्त्री बिचारा तिलाच शाबासकी देत बसला होता.

व्यसनमुक्ती केंद्रातून धाकटा परत आला तो झोपाळू होऊन. केंद्रातल्या ताईंनी बजावलं होतं, "शरीर दमलंय त्याचं, झोपू द्या. टोचून बोलू नका. पूर्वीसारखी चपळाई यावी म्हणूनच पुष्कळजण परत तिकडे वळतात." मिस्त्रीच्या जिभेला हे पथ्य फार जड गेलं.

त्या दुपारी शिंपीणकाकू मशीन न्यायला आल्या. मशीन उघडीच पडलेली, आणि पडद्याआड धाकटा आडवा.

"अजगर परत अजगर झाला वाटतं," काकू म्हणाल्या. "मधे कसा चटपटीत झाला होता."

एरवी मिस्त्रीने पदरचे आणखी चार शब्द घातले असते. आज त्याने ते गिळले.

"मशीन उद्या देतो, काकू. तो झोपलाय."

"भर दुपारी?"

"हो. जरा हळू बोला."

काकू नाक मुरडून गेल्या. पडद्यामागून आवाज आला, "दादा, मी जागाच आहे."

मिस्त्री आत गेला. धाकट्याने मूठ उघडली. आत पुडी होती, अजून न फोडलेली.

"सकाळी आणली. म्हटलं, काकूंची मशीन वेळेत होईल. तू परत शाबास म्हणशील."

मिस्त्रीला रडू आवरेना. त्याने पुडी घेतली, फोडून नळाखाली धरली आणि सगळी पावडर वाहून जाऊ दिली. मग दुकानाचं शटर ओढलं आणि भर दुपारी भावाजवळ येऊन बसला.

"सरक जरा," तो म्हणाला, आणि शेजारी आडवा झाला. "शाबास."