सातवी ‘ब’च्या खिडकीखालचं अळू

दोन बाटल्या. एक निळी, एक स्टीलची. सकाळी पावणेसहाला भरतात, संध्याकाळी रिकाम्या परत येतात.

तळोज्यात एका कारखान्याच्या गेटजवळ पेरूचं झाड आहे. त्याला डिसेंबरात पेरू आहेत. मे महिन्यातही होते.

आठशे मीटर म्हणजे शाळेच्या मैदानाला साडेसहा फेऱ्या. शेवटच्या अर्ध्या फेरीवरून नेहमी भांडण होतं.

माणसाला दोन हात असतात.

कृष्णाबाईंनी नाताळच्या सुट्टीनंतर अळूवड्या आणल्या. स्टीलचा डबा, तीन मजली.

भरलेली

“बाटली रिकामी यायला हवी,” फहमिदा म्हणाली. “रोज. एक घोट जरी उरला तरी पळणं बंद.”

हे ऑक्टोबरातलं. आयत तेव्हा चार दिवस तापात होती. डॉक्टर म्हणाले, लघवीचं इन्फेक्शन आहे, मुलगी पाणी पीत नाही. फहमिदाला ते अपमानासारखं लागलं. पनवेल स्टेशनसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात ती दिवसभर उभी असते. घरी आल्यावर बाटल्या घासते, सकाळी भरते. आणि मुलगी पाणी पीत नाही!

आयत बारा वर्षांची, सातवी ‘ब’, खांदा कॉलनीतली शाळा. शाळेत तिच्याइतकं जोरात कुणी पळत नाही, मुलगेसुद्धा नाहीत. तालुक्याची आठशे मीटर सतरा जानेवारीला होती. तिला त्या शर्यतीशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. जेवताना ती टेबलावर दोन बोटं पळवायची.

“आणि अब्बांचं काय?” आयतने विचारलं. “त्यांना तर मुतखडा झाला होता. त्यांना नियम नाही?”

रहीम कारखान्याच्या सकाळच्या पाळीचे बूट घालत होता. त्याने बूट घालण्यात जास्तच लक्ष घातलं.

“दोघांनाही,” फहमिदा म्हणाली. “स्टीलचीही रिकामी.”

बाप-लेकीने मान डोलावली. दोघांनीही एकदम, एकाच बाजूला.

पाऊण

पाण्याची घंटा दिवसातून तीनदा वाजते. कीर्ती मॅडमनी ती सुरू केली. नेहमीच्या घंटेला तीन ठोके, पाण्याच्या घंटेला एकच, लांब. मग सगळा वर्ग बाटल्या वर करतो. भिंतीवर तक्ता आहे. शाळा सुटताना ज्याची बाटली रिकामी त्याला चांदणी, नाहीतर फुली.

खिडकीकडच्या दोन रांगांत चौदा मुली. नोव्हेंबरभर त्यांची एकही चांदणी चुकली नाही. मुलग्यांच्या रांगांत मात्र चांदण्यांपेक्षा फुल्या जास्त.

“शिका जरा मुलींकडून,” कीर्ती मॅडम मुलग्यांना म्हणायच्या.

मुलगे शिकण्यासारखं काही दिसतं का म्हणून मुलींकडे बघायचे. मुली फळ्याकडे बघायच्या.

पाऊणच

मुलींच्या बाथरूमला कडी नाही. दार आतून धरून ठेवावं लागतं. दार जड, उतार बाहेरच्या बाजूला, सोडलं की पूर्ण उघडतं आणि समोर व्हरांडा. मधल्या सुट्टीत मैत्रीण बाहेर उभी राहते. तेव्हा रांग इतकी लांब असते की घंटा होते. तास चालू असताना एकटीलाच सोडतात. एकटीने दार कोण धरणार?

म्हणून घोटभरच प्यायचं. ओठ ओले करायचे. उरलेलं पाणी, शेवटच्या तासाला, मॅडम फळ्याकडे वळल्या की...

मितालीने, म्हणजे आयतच्या बाकावरच्या मुलीने, ही युक्ती काढली असं आयत म्हणते. मिताली म्हणते, आयतने काढली.

अर्धी

नाताळच्या सुट्टीनंतरची पालकसभा. सव्वीस पालक, वीस खुर्च्या.

कृष्णाबाई शाळेतल्या मावशी. घंटा त्यांची, झाडू त्यांचा, किल्ल्याही त्यांच्याच. रोज गव्हाणहून येतात. त्यांनी डबा फिरवला. फहमिदाने एक वडी तोंडात टाकली आणि बोलायचं विसरली.

“मावशी, हे कसलं अळू? बाजारातलं नाही वाटत. घसा जरासुद्धा खाजत नाही.”

“बाजारातला नाय. आपल्या शालंतला हाय.”

“शाळेत? या दिवसांत?”

“त्योच तर चमत्कार! सातवी ‘ब’च्या खिडकीखाली. ह्ये एवढं पान. माझ्या परसातला दिवाळीलाच वाळून ग्येला, पन ह्यो बगा, ताठ हुबा. नळ नाय, मोरी नाय, काय नाय. देवाची करनी.”

फहमिदाचं माहेर उरणचं. तिथे घराच्या मागे, न्हाणीचं पाणी जिथून बाहेर पडतं, तिथे अळू असायचं. पाहुण्यांनी मोरी कुठे म्हणून विचारलं की आजी अळूकडे बोट दाखवायची. फहमिदाने दुसरी वडी उचलली होती. ती तिने तशीच धरली आणि वर्गाच्या मागे गेली.

खिडकीखाली अळूचं रान. पानं सुपाएवढी. भिंतीवर खिडकीच्या कठड्यापासून खाली ओल्या रेघा, ताज्या, एकीशेजारी एक.

तिने रेघा मोजल्या. चौदा.

तळाला थोडं

संध्याकाळ. स्वयंपाकघर. दोन रिकाम्या बाटल्या ओट्यावर, साक्षीदारासारख्या.

“आयत, अळू छान आलंय.”

“कुठलं अळू?”

“तू वाढवलेलं.”

आयतने अब्बांकडे पाहिलं. अब्बांनी पंख्याकडे पाहिलं.

“बाटली रिकामी यायला हवी असं म्हणाली होतीस,” आयत हळूच म्हणाली. “येते की.”

रहीमला हसू फुटलं. दाबायला गेला तर ठसका लागला. मोठ्याने, गडगडून हसला. “वकील होणार ही! अल्ला, काय मुद्दा काढलाय!”

“हसू नका.”

“अगं, पण तिचंही बरोबर आहे. मशीन सोडून जायचं तर बदली माणूस लागतो, तो मिळेपर्यंत माणसाने...”

त्याने जीभ चावली.

“कुठलं मशीन?” फहमिदाने विचारलं. “शाळेत कुठलं मशीन?”

रहीमने पुन्हा वर पाहिलं. पंखा.

“तुमची बाटली कुठे जाते?”

“... गेटजवळ एक पेरू आहे.”

“पेरू.”

“छोटासा होता. आता मोठा झालाय. वॉचमन धर्मराज खातो पेरू. म्हणतो, रहीमभाई, तुमच्या हाताला बरकत आहे.”

“कधीपासून?”

“बाराही महिने,” रहीम म्हणाला, आणि खोटं बोलायचं नाही असं ठरवल्यामुळे पुढे म्हणाला, “पावसाळा धरून.”

आता आयत हसली. फहमिदाच एकटी हसली नाही. तिने स्टीलची बाटली उचलली, निळी उचलली, आणि दोन्ही खाली ठेवल्या.

“सतरा तारीख विसर,” ती आयतला म्हणाली.

आयतचं हसणं जागच्या जागी थांबलं. मग ती उभी राहिली आणि तिने दाखवलं. स्वयंपाकघराच्या दारामागे गेली. “हा हात दाराला. बघ. हा हात युनिफॉर्मला. बघ ना. आणि आता नळ सोडायचा, नाडी बांधायची. कुठल्या हाताने, अम्मी? मला तिसरा हात नाहीये.”

दार तिच्या हातातून सुटलं आणि सावकाश उघडलं. ती तिथे तशीच उभी, एक हात फ्रॉकला.

फहमिदाने ते दार धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. मग रहीमला म्हणाली, “तुमचं ड्रिल मशीन कुठे आहे?”

रिकामी

सोमवार, दुपारी साडेतीन. रहीम पाळी संपवून थेट शाळेत आला, फहमिदा दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन. एका हातात ड्रिल, दुसऱ्या हातात कडी, खिशात चार स्क्रू.

“परवानगी?” कीर्ती मॅडम म्हणाल्या. “मुख्याध्यापक मिटिंगला गेलेत. कडीचा अर्ज फाइलला आहे. मंजूर झाला की...”

“मी तीन बारी सांगला त्येंना,” कृष्णाबाई म्हणाल्या. “त्ये म्हनतात, पुढच्या सभेत.”

“मॅडम,” फहमिदा म्हणाली, “तुमच्या चांदण्या कुठे जातात ते दाखवू?”

तिने त्यांना खिडकीखाली नेलं. मॅडमनी अळू पाहिलं. रेघा पाहिल्या. मुलग्यांना आपण काय काय म्हणालो ते सगळं त्यांना एकदम आठवलं असावं, कारण त्यांनी कपाळावर हात मारला. मग त्या वर्गात आल्या, फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि खडूने विनाकारण एक लांब रेघ ओढू लागल्या.

“मी काही पाहिलेलं नाही,” त्या फळ्याला म्हणाल्या.

घर्रर्र. घर्रर्र. चार स्क्रू.

तपासणी कृष्णाबाईंनी केली. आत गेल्या. कडी लागल्याचा आवाज आला: खट्. मग बराच वेळ काहीच आवाज नाही.

“मावशी, झालं का?”

“थांबा गं.”

“मावशी?”

“हाय मी. बसलेय जराशी. लय बरा वाटतंय.”

पुन्हा भरलेली

नवा नियम. फहमिदाने तो नीट विचार करून केला, पळवाट राहू नये म्हणून.

“बाटली मी बघणार नाही. अळू बघणार. शर्यतीच्या आदल्या दिवशी येईन. अळू वाळलं असेल तर पळायचं. हिरवं असेल तर घरी बसायचं.”

अडचण एकच: कृष्णाबाई.

“मावशी, तुम्ही त्याला पाणी घालायचं नाही हं.”

“मी कशाला घालीन?” त्या म्हणाल्या, पण अळूकडे बघून. “एक तांब्या बी नाय?”

“मावशी!”

“नाय घालत गं, नाय घालत. पोरीची शर्यत हाय.”

आयत पाणी पिऊ लागली. पहिल्या दिवशी अर्धी बाटली, तिसऱ्या दिवशी सगळी. घंटेला उठायची, जायची, खट्, यायची. पळताना पोटऱ्यांत गोळे येणं थांबलं. डोकं दुखायचं थांबलं, आणि ते रोज दुखत होतं हे तिला तेव्हाच कळलं.

आठव्या दिवशी ती खिडकीतून वाकली. अळू हिरवंगार. एक नवं पानसुद्धा, गुंडाळी अजून सुटायची होती.

“मितालीऽऽ!”

“काय?”

“तू अजून ओततेस?”

“सगळ्याच ओततात. सवय झालीये. आणि हिवाळ्यात तहान कुणाला लागते?”

“सतरा तारखेला मला घरी बसवणार आहात तुम्ही! तेरा जणी मिळून!”

आयतला भाषण करता येत नाही. मधल्या सुट्टीत ती बाकाबाकाशी गेली. एकीला म्हणाली, कडी लागते, जाऊन बघ. दुसरीला म्हणाली, मी दाराबाहेर उभी राहते, जा. तिसरी म्हणाली, बाटलीतलं पाणी गार असतं, दात शिवशिवतात. तर आयतने तिची बाटली उन्हाच्या खिडकीत ठेवली. चौथी म्हणाली, तू पळणार, आम्ही का प्यायचं? आयतने बाटली तिच्यापुढे सरकवली. ती म्हणाली, “प्लीज.” चौथीने बाटली उघडली.

दोन मुलग्यांनी विचारलं, “आम्ही पण प्यायचं?”

“तुम्ही प्या की! तुम्हाला कुणी अडवलंय?”

अळूची नोंद, कीर्ती मॅडमच्या तक्त्याच्या मागच्या बाजूला, कृष्णाबाईंनी सांगितल्याप्रमाणे

नऊ जानेवारी: ताठ.
दहा: ताठ. नवा पान उघडला.
बारा: जरा लवला.
तेरा: कडा पिवल्या. मना वाईट वाटला.
चौदा: संक्रांत. तिलगूल खाल्ला, पानी प्यायले. अळूला नाय दिला.
पंधरा: माना टाकल्या.
सोळा: आयतची अम्मी आली. वाकून बघला. हसली.

सतरा

तालुक्याचं मैदान. धूळ, चुन्याच्या रेघा, कर्कश माइक.

“आठशे मीटर मुली, आपल्या जागी या. आयत... आयत कुठे आहे? शेवटची सूचना!”

“अम्मी, दोन मिनिटं.”

“आत्ता?”

“तूच म्हणालीस पाणी पी!”

फहमिदा ओढणी सावरत पंचांकडे धावली. आयुष्यात इतकी कधी धावली नव्हती. “सर, येतेय ती, बाथरूमला गेलीये, एक मिनिट, मुलगी आहे, समजून घ्या.” पंच समजले, किंवा घाबरले. आयत आली ती धावतच, तशीच रेघेवर उभी राहिली.

ती दुसरी आली. पहिली आलेली उंच होती, आणि शेवटच्या वळणावर आयत तिच्यापासून एका हातावर होती. रेघ ओलांडल्यावर आयत वाकली नाही, बसली नाही. चालत अम्मीकडे आली आणि निळ्या बाटलीसाठी हात पुढे केला.

पीत असताना तिने बाटलीवरून पाहिलं.

“अम्मी, तुझी बाटली कुठेय?”

फहमिदाने पर्स चाचपली, जणू तिथे असणार होती.

तीन

आता पावणेसहाला तीन बाटल्या भरतात. तिसरी लाल. दुकानात बाथरूमची सोय नाही, पण शेजारच्या दवाखान्यातल्या नर्सशी फहमिदाने ओळख काढली आहे.

रहीमने सुपरवायझरला गाठलं आणि मुतखड्याचा एक्स-रे दाखवला. आता दर पाळीला दोनदा बदली माणूस येतो. धर्मराज तक्रार करतो की यंदा पेरू बारीक लागलेत.

कृष्णाबाईंनी अळूचे कंद उकरून हात धुवायच्या नळामागे लावले. तिथे चौदाच काय, चारशे पोरांचं पाणी जातं. नवी पानं आली आहेत.

बाथरूमच्या दाराची जुनी कडी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तुटली होती. चार स्क्रू बसायला पाच महिने लागले.