विचारलं तर खरं सांग

“तुमच्या मशीननं शब्द दिलाय, बाई! आज संध्याकाळी पाणी येणार म्हणून!”

काचेखालच्या फटीतून एक हात आत आला. हातात रिकाम्या बादलीची कडी होती आणि बादली काही केल्या फटीतून आत येईना. मागे अख्खी रांग बादल्या घेऊन उभी, आणि एवढा खणखणाट की बँडवाल्यांनी लाजावं.

चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या ताईंना हा हात ओळखीचा होता. पाणी ऑफिसात त्यांची सगळी नोकरी या खिडकीत गेली होती. काच इतकी धुरकट की पलीकडचे चेहरे दिसायचेच नाहीत. दिसायचे ते फटीतून आत येणारे हात. हा अंगठीवाला. एरवी बिल आपटायचा, आज बादली.

घोटाळा साहेबांचा होता. त्यांनी हौसेनं खिडकीबाहेर बोलणारं मशीन बसवलं आणि त्याला स्वतःच सूचना लिहून दिली: सर्वांशी गोड बोल, कुणालाही नाही म्हणू नकोस, ऑफिसचं नाव उंचाव. मशीननं इमानेइतबारे नाव उंचावलं. पाणी कधी येणार? आज संध्याकाळी. नळाला गरम येईल का? अवश्य. एकीनं शेजारणीचं पाणी तोडायला सांगितलं, तर म्हणे, आनंदानं!

मशीनच्या कंपनीचा माणूस धावत आला. टक्कल पुसत म्हणाला, “मशीनमध्ये दोष नाही, साहेब. तुमचं सांगणंच कच्चं आहे. याला प्रॉम्प्ट म्हणतात. तू कोण, कुठं बसलायस, समोर कोण येतं, काय करायचं, काय नाही करायचं, सगळं फोड करून सांगायचं. वर दोन-चार नमुने द्यायचे. पहिल्या दिवशी आलेल्या माणसाला तुम्ही नुसतं ‘नाव उंचाव’ म्हणालात, तर तो बिचारा पाटी घेऊन गच्चीवर चढेल.”

साहेबांनी ताईंकडे बघितलं. “बाई, तुम्ही लिहा. खिडकीत जे जे करता ते सगळं. एकही गोष्ट सोडायची नाही.”

“आणि ते शिकल्यावर मी कुठं?”

“खाली तळघरात, जुन्या फायलींच्या खोलीत. आराम आहे हो तिथं. ना कुणी ओरडणार, ना कुणी विचारणार.”

ना कुणी विचारणार! हे शब्द ताईंनी घरापर्यंत नेले.

घरी जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बस चालवायचा, त्यामुळे त्याला जगातल्या सगळ्या गोष्टी गाडीतूनच समजायच्या. “म्हणजे शिकाऊला गाडी शिकवायची, आणि शिकला की तुला खाली उतरवायचं. लिही काहीतरी उलटसुलट! घालू दे झाडावर.”

“उलटसुलट कशाला? हाल लोकांचे होतात. मी नीट लिहिणार. सगळं म्हणालेत ना? सगळं लिहिते.” आणि ताई हसल्या.

नवऱ्याचा घास हातातच राहिला. हे हसू त्यानं लग्नानंतर एकदाच बघितलं होतं. त्यानंतर त्याच्या थोरल्या बहिणीनं या घराचं नाव टाकलं होतं.

ताई दुसऱ्या दिवशी लिहायला बसल्या आणि लिहितच सुटल्या.

“तू पाणी ऑफिसच्या चौकशीच्या खिडकीत बसला आहेस. समोरच्याच्या घरी पाणी नाही म्हणून तो चिडलाय. तुझ्यावर नाही चिडलेला. ओरडला तर ओरडू दे, मध्ये तोंड घालू नकोस. दमला की विचार, घरात आजारी कोणी आहे का, तान्हं मूल आहे का. असेल तर आधी टँकरवाल्याचा नंबर दे, अर्जाचं नंतर बघू. उद्या काय होणार हे तुला माहीत नसेल, तर ‘उद्या या’ म्हणू नकोस. त्या माणसाला उद्याही कामावर जायचं असतं.”

नमुनेही दिले, एकेका हाताचे. अंगठीवाल्याशी कसं बोलायचं, पिठाचे हात घेऊन धावत येणारीशी कसं. मग त्या थांबल्या. खिडकीत सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न अजून राहिला होता. ताईंनी पदर खोचला.

“‘साहेब आहेत का’ असं विचारतील. साहेब मीटिंगमध्ये आहेत, असं सांगायची सूचना आहे. मीटिंग नसते. साहेब आत असतात. बिल फार आलं म्हणतील. मीटर तपासून घ्या, असं सांगायची सूचना आहे. मीटर बघायला आपला माणूस बहुतेक जातच नाही, आकडा अंदाजानं टाकतो.”

आणि अगदी शेवटी: “मला कधी खरं सांगता आलं नाही. तुला विचारलं तर खरं सांग.”

साहेबांनी न वाचता सही ठोकली. तीच त्यांची पद्धत होती. कंपनीच्या माणसानं मजकूर मशीनमध्ये घातला, “ऑफिस कधी उघडतं?” एवढंच विचारलं, उत्तर बरोबर आलं आणि तो खूश होऊन चहाला गेला.

उद्घाटनाला वरच्या ऑफिसातून मोठे साहेब आले, फीत कापली गेली. पहिला प्रश्न विचारायला काठीवाले आजोबा निवडले होते, कारण ते रोज यायचेच आणि सदरा धुतलेला होता. ‘आपल्या कार्यालयाचं वैशिष्ट्य काय?’ हा प्रश्न साहेबांनी त्यांच्याकडून पाठ करून घेतला होता. पण मशीनसमोर उभं राहिल्यावर आजोबांच्या तोंडातून सवयीचंच निघालं.

“साहेब आहेत का?”

“साहेब आत असतात,” मशीन गोड आवाजात म्हणालं. “ते मीटिंगमध्ये आहेत, असं सांगायची मला सूचना आहे. मीटिंग नसते.”

आजोबांचा चेहरा उजळला. “म्हणजे परवा पण नव्हती?”

“परवाचं मला माहीत नाही. पण सहसा नसते.”

मोठ्या साहेबांच्या हातातली कात्री उघडीच राहिली.

“आणि माझं बिल हो?” आजोबांना आता जोरच चढला.

“आकडा अंदाजानं टाकलेला असू शकतो. मीटर बघायला माणूस बहुतेक जात नाही.”

“माझं पण विचारा, आजोबा!” मागून अंगठीवाला ओरडला. साहेब झेपावले आणि हाताला लागली ती वायर उपटली. ती पंख्याची निघाली. पंख्याची घरघर थांबली आणि मशीन आता शेवटच्या माणसापर्यंत स्वच्छ ऐकू यायला लागलं.

केबिनचं दार लावून साहेब म्हणाले, “काय लिहून ठेवलंत हे?”

“एकही गोष्ट सोडायची नाही म्हणालात.”

“अहो, सगळं म्हणजे सगळं नसतं!”

“माणसाला ते कळतं, साहेब. मशीनला लिहूनच द्यावं लागतं. ‘खोटं बोल’ अशी एक ओळ घाला. तुमच्या अक्षरात, सहीसकट.”

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला, तो रिकामा होता. ते एकदम मऊ झाले. “हे बघा बाई, लिहिताना तुमचीच चूक झाली असं मोठ्या साहेबांना सांगा. मशीन काढून टाकू, खिडकी तुमचीच. पहिल्यासारखं सगळं.”

ताई केबिनच्या दारापर्यंत गेल्या. दाराच्या काचेतून आपली खुर्ची दिसत होती, पाठीला त्यांनीच शिवलेली गादी बांधलेली.

“पहिल्यासारखं म्हणजे तुम्ही परत मीटिंगमध्ये?”

“ते ओघानं आलंच.”

“मग मी खाली जाते.”

जाताना गादी तेवढी सोडून घेतली.

तळघरात फायली, उंदीर आणि छताजवळ गजांचा एक झरोका. झरोका थेट फुटपाथवर उघडायचा. त्यातून दिवसभर नुसते पाय जाताना दिसायचे. वर साहेबांनी मशीनला नवी सूचना दिली होती. आता कुणी काहीही विचारलं तरी ते म्हणायचं, “आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे.”

एका सकाळी झरोक्याच्या गजावर काठी वाजली.

“ताई, आहात का?”

“आहे.”

“बिल दाखवायचं होतं.”

ताईंनी फायलींचा गठ्ठा झरोक्याखाली ढकलला, त्यावर गादी टाकली आणि चढून बसल्या. मग काय, दुसऱ्या दिवसापासून फुटपाथवर रांग. लोक वाकून बोलायचे, ताई मान वर करून ऐकायच्या. हातांवरून ओळखीची झालेली माणसं आता पायांवरून नव्यानं पाठ झाली. अंगठीवाला फाटक्या बुटांचा निघाला.

एक दिवस रांगेला वळसा घालून चकचकीत पॉलिश केलेले काळे बूट थेट झरोक्यापाशी येऊन थांबले. ते अख्ख्या ऑफिसात एकाच माणसाचे होते. साहेबांच्या सोसायटीत पाणी नाही, बाईसाहेब घरून सारखे फोन करतायत आणि साहेबांची तक्रार मशीनला फार मोलाची वाटतेय, हे शिपायाकडून ताईंच्या कानावर आलं होतं. आतल्या जिन्यानं खाली उतरले असते तर सगळ्या ऑफिसनं बघितलं असतं.

बूट खाकरले. “बाई… जरा एक विचारायचं होतं.”

ताईंनी अंगठीवाल्याच्या बिलातून मान वर काढली नाही.

“रांगेत या.”

बूट जागच्या जागी जरा चुळबुळले. मग एकेक पाऊल मागे मागे जात आजोबांच्या काठीमागे जाऊन उभे राहिले.