बारा कड्यांचा कंबरपट्टा

मी एक जुना कंबरपट्टा आहे. सोन्याचा म्हणून मिरवतात, पण आतून निव्वळ चांदी. वर नुसता मुलामा. मोरोक्कोतल्या फेस शहरात ज्या घरात मी राहतो, तिथल्या बायकांचंही तसंच आहे. मित्रांनो, माझं बोलणं कडू वाटेल. वाटू द्या.

मला घडवणारा मासूद सोनार शहाणा माणूस होता. त्याने माझ्या बारा कड्या जोडल्या आणि चार सुट्या फडक्यात बांधून दिल्या. "बाईची कंबर वाढणारच. वाढली की या, जोडून देतो," म्हणाला. तीन पिढ्यांच्या नवऱ्या मुली मी सजवल्या. लग्नात माझी वाहवा, आणि मग वर्षानुवर्षं कपाटातला अंधार. त्याचा मला राग नाही. राग आहे तो या घरच्या बाईसाहेबांचा, लल्ला झुबैदाचा. तिच्या लग्नात मी बाराच कड्यांवर बसलो होतो, आणि तीस वर्षं ती हे आल्यागेल्याला ऐकवत होती.

तिला दोन मुली. थोरली घीता एक अक्षर वाकडं आलं तरी अख्खं पान फाडायची. परीक्षेत दुसरी आली तेव्हा दोन दिवस कुणाशी बोलली नाही. धाकटी इक्राम तोंडाळ, आळशी आणि पोटभर जेवणारी. कुणी टोचलं की दुप्पट टोचायची आणि विसरून जायची.

घीताचं लग्न ठरलं तेव्हा बायकांनी मला तिच्या कमरेला लावून बघितलं. आकडा अडकेना. एका कडीचाच काय तो फरक.

"जोडा की एक," इक्राम म्हणाली.

"गप बैस! मला बारा पुरल्या होत्या," लल्ला झुबैदा कडाडली. "हिच्या सासूला कळलं तर काय म्हणेल?"

"म्हणेल, सून खात्यापित्या घरची आहे!"

"तुला तर सोळाही पुरायच्या नाहीत गं, पिंपा," आत्या खिदळली.

"मग गाढवाचा पट्टा बांधीन. तुमचा देता का, आत्या?"

सगळ्या हसल्या. टोमणा इक्रामला होता, पण तो रुतला घीताच्या काळजात. ती एक शब्द बोलली नाही. असली मुकी मुलगी घराला फार आवडते.

मग मला जेवणाच्या खोलीत खुंटीवर टांगलं, घीताला दिसावं म्हणून. त्यामुळे पुढचं सगळं मी पाहिलं. शुक्रवारी एकाच मोठ्या परातीभोवती बसून सगळ्या कुसकुस, म्हणजे भाजी-मांस घातलेला वाफवलेला रवा, खायच्या. आपल्या पुढ्यातलं खायचं आणि मांसाचा तुकडा आग्रहाने दुसरीच्या पुढ्यात सारायचा, ही तिथली रीत. घीता आपला तुकडा आत्याकडे सारू लागली. मग भाजीही. मग कुसकुसही हळूच लोटू लागली. परात रिकामीच व्हायची, तेव्हा उपाशी कोण उठलं हे कळणार कुणाला?

"बघा माझी लेक! तोंडचा घास दुसऱ्याला देते," लल्ला झुबैदा म्हणायची. "शीक जरा, इक्राम."

"आई, ती देत नाहीये. ती जेवतच नाहीये."

"बहिणीला दृष्ट लावू नकोस!"

अखेर मी बारा कड्यांवर बसलो. इक्राम असती तर तिथेच थांबली असती. घीताला आईची बरोबरी पुरेना. ती एकटी सोनाराकडे जाऊन एक कडी काढून आली, मग दुसरी, मग तिसरी. भर उन्हाळ्यात ती लोकरीचा अंगरखा घालू लागली, तेही कुणाला खटकलं नाही.

लग्नाच्या दिवशी सजवणाऱ्या बाईने मला नऊ कड्यांवर अडकवलं, हात काढला, आणि मी सरळ घसरून नवरीच्या पायाशी आपटलो.

"टाचणी लावा! पाहुणे आलेत," लल्ला झुबैदा म्हणाली.

"टाचणी नको. आणखी एक कडी काढा," घीता म्हणाली. ती खुशीत होती.

"हिच्या पाठीची हाडं मोजता येतायत आणि तुम्ही टाचण्या शोधताय?" इक्राम ओरडली. "डोळे आहेत की बटणं?"

घीताने एक पाऊल टाकलं आणि ती कोसळली. इक्रामने तिला एकटीनेच उचललं. काहीच जड लागलं नाही, तेव्हा ती पोर रडली.

आज घीताला इस्पितळात सहावा आठवडा आहे. काल इक्राम तिथून घरी आली आणि आईसमोर उभी राहिली.

"आई, आज ती मला काय म्हणाली माहितीये? 'या खोलीतल्या मुलींत सगळ्यात हलकी मीच ना?'"

लल्ला झुबैदाने मान वळवली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणणार नाही. कायम पहिली येणारी, कधी उलट न बोलणारी मुलगी तुमच्याही घरात असेल. तिचं कौतुक करण्याआधी ती जेवली का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि मला वितळवून टाका. उद्या इक्रामला मुलगी होईल, आणि तिला माझ्यात मापायला लल्ला झुबैदा अजून जिवंत आहे.