शंभराच्या टेबलावरून खाली

आमची सून जुगार खेळते हे मला जर्मनीत उतरल्यावर आठवड्याच्या आतच कळलं, आणि माझं टाळकं सटकलं.

वेद, माझा मुलगा, श्टुटगार्टजवळ त्सुफेनहाउझेनला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. मी आणि आमची ही, संध्या, तीन महिन्यांच्या व्हिसावर त्याच्याकडे आलो होतो. सुकन्या, म्हणजे वेदची बायको, रोज संध्याकाळी सहाला आतल्या खोलीत जायची, दार लोटून घ्यायची आणि आठला बाहेर येऊन पोळ्यांना लागायची. मला वाटलं, क्लास असेल. एकदा चहा देण्याच्या निमित्ताने आत डोकावलो तर स्क्रीनवर चार हिरवी टेबलं, आणि टेबलांवर पत्ते. पैसे लावून पोकर!

वेद घरी आल्या आल्या मी त्याला धारेवर धरलं. तो बूट काढत शांतपणे म्हणाला, "बाबा, कायदेशीर साइट आहे. आणि तिच्या त्या पैशाला मी हातसुद्धा लावत नाही. तुम्ही तिलाच विचारा ना."

संध्या आतून म्हणाली, "आणि तुम्ही क्लबात रमी खेळता तो काय हरिपाठ असतो का?"

या बाईला नेमकं कधी बोलायचं ते बरोबर कळतं. तरी जेवताना विचारलंच मी. "सुकन्या, काय आहे हे?"

ती गडबडली नाही. पुण्यात कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवायची ती. लग्न होऊन इथे आली तेव्हा भाषा येत नव्हती. सकाळी जर्मनचा वर्ग, दुपारी नोकरीचे अर्ज, आणि अर्जांना उत्तर म्हणून नुसत्या 'आब्जागे', म्हणजे नकार. "बाबा, दोन वर्षांपूर्वी मी एकदाच पन्नास युरो भरले," ती म्हणाली. "सगळ्यात लहान टेबलावर बसले, एक युरो घेऊन बसतात त्या. त्यातूनच वाढवत आणलंय. नियम असा, की ते पैसे संपले तर परत भरायचे नाहीत. खेळ कायमचा बंद. तसा शब्द दिलाय."

"कुणाला?"

"मलाच. इथे आल्यापासून मी स्वतः उभं केलेलं एवढंच आहे, बाबा. ते बुडालं तर माझ्याच हाताने बुडेल."

मी भाताचा घास घेतला.

पण रिकामा माणूस मी. दारावर केहरवोखंची, म्हणजे आपल्या झाडलोटीच्या पाळीची, पाटी लागली की त्या आठवड्यात जिना झाडायचा, पावाच्या दुकानात जाऊन यायचं, एवढीच काय ती कामं. म्हणून एक दिवस खुर्ची ओढून तिच्या मागे बसलो. ती म्हणाली, "बसा, पण बोलायचं नाही." सासऱ्याला अशी ताकीद! तरी बसलो.

सांगतो तुम्हाला, आयुष्यभर रमी खेळलो, पण अशी खेळणारी मी पाहिली नव्हती. दहातले आठ डाव ती टाकूनच देई. आमच्या क्लबात असा टाकणारा असता तर आम्ही त्याला घरी पाठवलं असतं. मोठा डाव हरली तरी चेहऱ्यावरची माशी हलत नसे, आणि जिंकली तरी तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गाला जाण्याआधी कालचे डाव पुन्हा उघडून बसायची. जिंकलेल्या डावातही आपलं काय चुकलं ते शोधायची. मी म्हटलं, "अगं, जिंकलीस ना?" तर म्हणे, "चुकीचं खेळून जिंकले, बाबा. त्याची सवय लागली तर बुडेन."

तिचा सगळा डोलारा एका नियमावर उभा होता. ज्या टेबलावर बसायचं, त्याच्या चाळीसपट पैसे हातात हवेत, तरच बसायचं. आणि तीसपटीच्या खाली आले की निमूट खालच्या टेबलावर. एकाचं टेबल, दोनाचं, पाचाचं, दहाचं, पंचविसाचं, पन्नासाचं, अशी ती चढत आली होती. आपल्याकडे म्हणतातच, अंथरूण पाहून पाय पसरावे. म्हणतात सगळेच. पसरताना अंथरूण बघतो कोण? ही बघत होती, दोन वर्षं, रोज.

आम्ही आल्यावर दुसऱ्या महिन्याच्या सुरुवातीलाच तिचे चार हजार झाले आणि ती शंभराच्या टेबलावर बसली. त्या संध्याकाळी मी शिरा करायला लावला संध्याला. मला इतका आनंद वेदच्या पहिल्या पगारालाही झाला नव्हता, आणि हे मी वेदच्या समोर बोलून दाखवलं.

आता माझा स्वभाव. चांगली गोष्ट माझ्या पोटात राहत नाही. रविवारी कुमारकडे सगळी मराठी मंडळी जमायची. कुमार वेदच्याच कारखान्यातला, बडबड्या, पण मनाने बरा. तिथे मी सुरू झालो. आमची सून अशी खेळते, आमची सून तशी खेळते, पन्नास युरोचे चार हजार केले, आता शंभराच्या टेबलावर बसते. कुमार म्हणाला, "काका, एकदा बघायला बोलवा ना." मी लगेच म्हटलं, "या की पुढच्या रविवारी." सुकन्याला विचारलंसुद्धा नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या आठवड्यात मी फिरण्यातच होतो, शनिवारी तर वेदबरोबर म्युनिकला जाऊन आलो. घरात काय चाललंय याकडे माझं लक्ष नव्हतं. सुकन्या जेवताना जरा कमी बोलत होती एवढंच.

रविवारी कुमार आणि आणखी तिघे आले. वडे झाले, चहा झाला. सहा वाजले तशी सुकन्या आत गेली आणि आम्ही सगळे तिच्या मागे उभे राहिलो. तिने टेबलं उघडली. पन्नासाची.

मला वाटलं, चुकून उघडली असतील. "सुकन्या, शंभराचं उघड."

"नाही बाबा. तिसाच्या खाली आलेय. काल संध्याकाळी." तिने मान वळवून सांगितलं, जसं दूध संपलंय असं सांगावं.

कुमार हसला. "आल्झो, मग काका, आम्ही शंभराचा शो बघायला आलो होतो." दुसरा म्हणाला, "पन्नासाचं तर मीपण खेळतो." चेष्टाच होती, पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी खाली वाकून तिच्या कानाशी म्हटलं, "एक दिवस बस ना. थोडंच कमी आहे. लोकांसमोर शोभा होतेय."

"थोडंच कमी आहे म्हणूनच," ती म्हणाली. "शंभराच्या टेबलावर सध्या मी हरतेय, बाबा. माझं काय चुकतंय ते मला अजून सापडलेलं नाही. तसंच बसले तर सगळे जातील. आणि मी परत भरणार नाही, तुम्हाला माहीत आहे."

"मी देतो ना पैसे. परत मागणार नाही."

"तुमचे पैसे भरले की ते माझं राहिलं नाही."

एवढं बोलून ती खेळायला लागली. डाव टाकत होती, टाकत होती, अधूनमधून खेळत होती. त्या पोरांना कंटाळा आला. बाहेर जाऊन क्रिकेटच्या गप्पा सुरू झाल्या. मी कुणाच्या नजरेला नजर देत नव्हतो.

सगळे गेल्यावर वेद कुमारला एस-बानच्या, म्हणजे लोकलच्या, स्टेशनपर्यंत सोडायला गेला, आणि मी स्वयंपाकघरात फुटलो. "वरून खाली येणं म्हणजे काय असतं तुला माहीत आहे का? मी आलोय! चिंचवडला मी फोरमन होतो. चाळीस माणसं हाताखाली. कंपनी बंद पडली तेव्हा वेद आठवीत होता. सहा महिने घरी बसलो आणि मग भोसरीला एका वर्कशॉपमध्ये मशीनवर उभा राहिलो. ऑपरेटर म्हणून! सुपरवायझर कोण, तर माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा. तो मला साहेब म्हणायचा आणि मलाच काम सांगायचा. रिटायर होईपर्यंत हिच्याशिवाय कुणाला कळू दिलं नाही मी. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचो आणि तिथे जाऊन बदलायचो. वेदला आजही वाटतं बाप फोरमन म्हणून रिटायर झाला. आणि तू चार लोकांसमोर खुशाल सांगतेस, खाली आलेय म्हणून!"

सुकन्या पातेलं विसळत होती. तिने नळ बंद केला.

"मला माहीत आहे, बाबा," ती म्हणाली. "आईंनी सांगितलंय. लग्न ठरलं तेव्हाच."

मी संध्याकडे बघितलं. ती कोथिंबीर निवडत होती. "हो, सांगितलं," ती म्हणाली. "त्यात लपवायचं काय? तीच कंपनी सुटलेल्या, वेदच्या वर्गातल्या मुलांच्या बापांनी व्याजाने पैसे काढले, धंदे टाकले, घरं विकली. तुम्ही मशीनवर उभे राहिलात. आमच्या घरात एक दिवस चूल थंड राहिली नाही. मी तर तिला अभिमानाने सांगितलं."

एवढ्या वर्षांत या बाईने हे मला कधी म्हटलं नव्हतं. मी खुर्चीवर बसलो.

"वेदला मी सांगितलेलं नाही," सुकन्या म्हणाली. "ते तुमचं आहे. पण बाबा, शंभरावरून उतरताना काल मला खरंच रडू येत होतं. तुम्ही म्युनिकला होतात. आठवण तुमचीच काढली. म्हटलं, बाबा रोज जात होते ना, मग आपल्यालाही जमेल."

मी उठून ताटं मांडायला घेतली.

पुढचे दिवस मी पुन्हा तिच्या मागे खुर्ची टाकून बसलो, तोंड शिवून. पन्नासाच्या टेबलावर ती तशीच खेळली, जशी शंभराच्या टेबलावर खेळायची. चिडून नाही, घाईने नाही. आपलं काय चुकत होतं ते तिने शोधून काढलं, मला समजावूनही सांगितलं, मला निम्मंच कळलं. महिनाभराने पुन्हा चाळीसपट झाले. पुन्हा शंभरावर बसली. दोन आठवडे टिकली आणि पुन्हा तिसाच्या खाली गेली. त्या संध्याकाळी तिने एक मोठा श्वास घेतला, पन्नासाची टेबलं उघडली, आणि म्हणाली, "गेनाऊ. असंच. चला." शाबास पोरी, मी मनात म्हटलं, आणि मग मोठ्यानेही म्हटलं, नियम मोडून.

आम्ही परत निघायच्या आधीच्या रविवारी कुमारकडे सगळ्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. ताटं वाढली गेली तशी कुमारला आठवण झाली. "काका, सूनबाई आता कुठल्या टेबलावर?"

संध्या माझ्याकडे बघायला लागली. सुकन्या मीठ वाढत होती, तिने वर पाहिलं नाही.

"पन्नासाच्या," मी म्हटलं. "परत वर गेली होती, परत उतरली."

"अरेरे," कुणीतरी म्हणालं.

"अरेरे काय? पन्नास युरोवर दोन वर्षं खेळात टिकून आहे ती. वेळेवर उतरते म्हणून टिकून आहे. ज्यांना उतरता येत नाही ते कुठे जातात ते माहीत आहे मला." आवाज चढला होता माझा, पण थांबवला नाही. "मीही उतरलोय. फोरमनचा ऑपरेटर झालो होतो भोसरीला, माझ्याच चेल्याच्या हाताखाली. रिटायर होईपर्यंत."

वेदचा घास हातातच राहिला. "बाबा, कधी?"

"तू आठवीत होतास."

तो काहीतरी हिशेब लावत होता, शाळेचा, क्लासचा, इंजिनियरिंगच्या फीचा. त्याचा चेहरा बघवेना. "मला कधी सांगितलं का नाहीत?"

"लाज वाटायची रे," मी म्हटलं. "सुकन्याचं बघून गेली."