एका धुण्यात जाणारा रंग

"डोळे मीट, तोंड मीट, अन् मी सांगंपर्यंत श्वास घेऊ नको," तनुजा म्हणाली आणि तिने मंजुश्रीच्या डोक्यावर पांढरा फवारा सोडला.

नांदेडच्या एका मंगल कार्यालयातली ही मागची खोली. एका कोपऱ्यात पत्रावळ्यांचे गठ्ठे, दुसऱ्या कोपऱ्यात फेट्यांची खोकी आणि मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून बसलेली मंजुश्री. काळ्याभोर केसांवर नुसता सोनेरी रंग मारला तर तो चढत नाही, मातकट दिसतो. म्हणून आधी पांढरा थर द्यायचा, तो वाळू द्यायचा आणि मग त्यावर सोनेरी. ब्लीच केलं असतं तर काम कितीतरी झकास झालं असतं, हे तनुजाने लातूर सोडल्यापासून अहमदपूर येईपर्यंत तिला ऐकवलं होतं. पण मंजुश्री तेवढ्या एका बाबतीत हटून बसली होती.

"पक्कं कायबी करू नको बाई. रविवारी धर्माबादचे पाहुणे यायलेत मला बघायला. सोनेरी केसांनी चहा घेऊन गेले तर कप ठेवून पळतील ते."

डब्यावर 'एका धुण्यात निघतो' असं लिहिलेलं तिने स्वतः वाचून घेतलं आणि मगच ती खुर्चीत बसली.

हा सगळा घोळ हरिओमचा. लग्नाची सजावट, डीजे, नवरदेवाची एन्ट्री असलं सगळं जमवून आणणारा हा माणूस. दारात स्वागताला दोन रशियन पोरी उभ्या करतो, असा शब्द त्याने मुलीच्या बापाला दिला होता आणि बापाने ती गोष्ट भावकीत इतकी मिरवली होती की आता माघार घ्यायची सोय उरली नव्हती. लग्न आठवड्यावर आलं आणि पोरी पाठवणाऱ्या हैदराबादच्या माणसाचा फोन लागेनासा झाला. हरिओम रडकुंडीला आला. तेव्हा त्याची मेकअपवाली तनुजा हिला लातूरची आपली मैत्रीण आठवली. मैत्रीण उंच, गोरीपान आणि डोळ्यांनी घारी. केस तेवढे काळे, पण त्याला इलाज होता. एकीवर भागवायचं आणि दुसरी आजारी पडली म्हणून सांगायचं, असं ठरलं.

मंजुश्री लातूरच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं काम करत होती. तिशी कधीच ओलांडली होती. वडील गेलेले. घरात मोठा भाऊ संगमेश, वहिनी अंबिका आणि लकव्याने अंथरुणाला खिळलेली आई. आईची मान तेवढी वळायची, तोंडातून दोन-चार शब्द कसेबसे निघायचे. तिला थोड्या थोड्या वेळाने कुशीवर वळवावं लागे, नाहीतर पाठीला जखमा होत. लॅबला जायच्या आधी, दुपारी धावत घरी येऊन आणि लॅब सुटल्यावर हे सगळं मंजुश्रीच करायची. वहिनीला त्या वासाने मळमळायचं. त्यामुळे नांदेडला जाऊ का असं विचारताना तिचा जीव थोडा झाला होता. पण दादा म्हणाला, "जा की. तुला कवा भायेर पडाय मिळतंय? एक दिवस अंबिका बगंल." असा भाऊ आपल्याला मिळाला, याचं तिला गाडीत बसल्यावरसुद्धा भरून येत होतं.

तिच्या घाऱ्या डोळ्यांना कुणीतरी पहिल्यांदाच कामाचं म्हटलं होतं. एरवी त्या डोळ्यांनी तिचं नुकसानच केलं होतं. देगलूरचे लोक बघायला आले होते, त्याला आता दोन वर्षं झाली. मुलाचं नाव बसवराज. त्याने दुसरा कप चहा मागून घेतला होता आणि रक्त बघून तुम्हाला चक्कर येत नाही का, असं विचारून स्वतःच लाजला होता. ते लोक गेल्यावर मंजुश्री दोन-तीन दिवस उगीचच गुणगुणत होती. मग एका संध्याकाळी दादा तिच्याशेजारी येऊन बसला आणि हळू आवाजात म्हणाला की त्यांना घाऱ्या डोळ्यांची मुलगी नको आहे. त्या दिवसापासून तिने काजळ घालणं सोडलं. त्याआधी निलंग्याच्या लोकांनी उंच म्हणून नाकारलं होतं. तेव्हापासून ती मान थोडी खाली घालून चालायला शिकली होती.

रंग वाळला. तनुजाने तिच्या कपाळावरची विभूती पुसली, गळ्यातलं इष्टलिंग झग्याच्या आत सरकवलं आणि तिला आरशासमोर उभं केलं. मंजुश्रीला हसू फुटलं. आरशातली बाई गव्हाच्या काडासारख्या केसांची होती आणि तिच्या घरचं कुणीही तिला ओळखलं नसतं.

"तोंड उघडायचं न्हाई," हरिओमने बजावलं. "वेलकम म्हणायचं, नमस्ते म्हणायचं, तेबी वाकडं. अन् गुलाब द्यायचं. तुम्ही एक शब्द मराठी बोलून राहिल्या तर माझं दुकान बंद."

पाहुणे यायला लागले तशी मंजुश्रीला मोठी गंमत वाटू लागली. आपलं बोलणं हिला कळत नाही म्हटल्यावर माणसं तिच्यासमोर बिनधास्त बोलत होती. एका आजीने तिचं मनगट दाबून पाहिलं आणि तिकडे पोटाला नीट मिळत नसावं असं जाहीर केलं. दोन फेटेवाले हिचं लग्न झालंय की नाही यावर वाद घालत आत गेले. सगळे टक लावून बघत होते, पण या बघण्यात पास-नापास काही नव्हतं. मंजुश्रीने कित्येक वर्षांनी मान सरळ केली आणि ती आपल्या पूर्ण उंचीनिशी उभी राहिली.

तेवढ्यात दोन बायका दाराशी आल्या. त्यातली जाडसर, हिरव्या इरकलीतली बाई म्हणजे देगलूरच्या महादेवीमावशी, बसवराजची आई. मंजुश्रीने गुलाब पुढे केला आणि मान वळवायचा प्रयत्न केला, पण मावशी तिच्या डोळ्यांत बघत तिथेच थांबल्या.

"डोळे बग गं हिचे," त्या शेजारणीला म्हणाल्या. "डिट्टो लातूरच्या त्या पोरीवाणी."

शेजारीण त्यांची बहीण असावी. कोणती पोरगी, असं तिने विचारलं.

"आपल्या बसवराजसाठी बगाय गेलतो की. लॅबमदी कामाला होती ती. लई गुणाची पोरगी. आमचं तर ठरलंच होतं. साखरपुड्याला साडी कोणती घ्यायची, हितवर बोलणं आलं होतं."

"मग मोडलं कशानं?"

"पोरीला फिट येते म्हणं. तिच्या भावानंच फोन केला. म्हणला, मावशी, तुमाला अंधारात ठेवणं माझ्याच्यानं होईना. दुसऱ्यानं दडवलं असतं की नाई? लई इमानदार माणूस. भाऊ असावा तर तसा."

आणि त्यांनी मंजुश्रीच्या गालाला हात लावून, गोड हाय बाई, असं म्हणत गुलाब घेतला.

मंजुश्री म्हणाली, "नमस्ते." हरिओमने शिकवलं होतं तसं, वाकडं.

त्यानंतर ती बराच वेळ गुलाब देत राहिली. हात चालत होते, ओठ हसत होते आणि डोक्यात एकामागून एक माणसं येत होती. निलंग्याचे आले. उदगीरचे आले. किनवटच्या शाळेतला तो मास्तर आला, ज्याला म्हणे तिचा आवाज जाड वाटला होता. प्रत्येक वेळी दादाच बातमी घेऊन यायचा, प्रत्येक वेळी डोक्यावरून हात फिरवायचा. तिच्या अंगातली एकेक खोट त्याने तिला किती प्रेमाने सांगितली होती. आणि तिने ती खरी मानून आपली उंची, आपले डोळे, आपला आवाज सगळं आवरतं घेतलं होतं. रडू येत नव्हतं. संताप येत होता, आणि त्या संतापालाही अजून विश्वास बसत नव्हता.

अक्षता पडल्या, पंगती बसल्या. महादेवीमावशी हात धुवायला एकट्याच मागे आल्या, तेव्हा मंजुश्री त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिली.

"मावशी, बसवराजचं लग्न झालं का?"

मावशींच्या हातातून पाणी तसंच ओघळत राहिलं. गोऱ्या मडमेच्या तोंडून असलं ठसठशीत लातूरचं मराठी ऐकून त्यांना आधी काही उमजेचना. मग त्यांनी पुन्हा ते डोळे पाहिले.

"आगं बाई. तूच व्हय गं ती?"

"मला फिट येत न्हाई, मावशी. जलमात कवाच आली न्हाई."

मावशींनी ओल्या हातानेच तिचा हात धरला. लग्न झालं, लेकरू आहे, असं त्यांनी खाली बघत सांगितलं. कुणीतरी हाक मारली तशी त्यांनी हात सोडला.

परत येताना तनुजाने केस धुवून घे म्हणून दोनदा सांगितलं. मंजुश्रीने नुसती ओढणी गुंडाळली आणि ती गाडीत जाऊन बसली. लातूरात शिरले तेव्हा नुकतीच दिवेलागण झाली होती.

संगमेश दुकानातून येऊन हातपाय धुऊन बसला होता. कपाळावर ताजी विभूती. तिला बघून त्याने जवळ बसायची खूण केली आणि आवाज उतरवला. तो आवाज तिला पाठ होता.

"मंजू, धर्माबादचा फोन आलता. येत न्हाईत म्हणले रविवारी. नोकरीवाली पोरगी नको म्हणं त्यांना. जाऊ दे, मनाला लावून घेऊ नको."

आणि त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ओढणी सरकली. त्याचा तळवा पिवळाधमक झाला आणि तो त्याकडे बघत, हे काय लावून घेतलंस, असं हसत विचारू लागला.

"दादा, मला फिट कवा आली होती?"

स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज थांबला. संगमेशचं हसू तसंच तोंडावर राहिलं, त्याच्या मागचा माणूस तेवढा निघून गेला. तो आधी कोण म्हणलं, असं विचारत होता. मग त्याने तेही सोडून दिलं आणि धोतराला तळवा पुसत बसला.

"आईचं कुणी करायचं, सांग," तो शेवटी म्हणाला. "अंबिकाच्यानं होत न्हाई. बाई लावली ती टिकली न्हाई. मी काय तुझा वैरी हाव का? आई हाय तवर, म्हणलं. मग चांगलं स्थळ बगून मीच..."

"धर्माबादचा नंबर दे. मी बोलते त्यांना."

"काय सांगशील?"

"मला काय झालं न्हाई म्हणून सांगंन."

संगमेशने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, कीव होती, आणि तीच तिला जास्त लागली.

"पोरगी सोता फोन करून सांगायलीय म्हणल्यावर कोण इस्वास ठेवंल, मंजू? उलटं पक्कं होईल त्यांचं."

ते खरं होतं. इतकी वर्षं त्याने पसरवलेलं ते आता त्यालाही गोळा करता येणार नव्हतं. मंजुश्री उठली. आईची खाट तिथेच, भिंतीला लागून होती आणि आई सगळं ऐकत होती. मंजुश्री तिच्यापाशी गेली. निदान हिला तरी यातलं काही माहीत नसेल, एवढी एकच गोष्ट तिला आता हवी होती.

"आई, तुला ठाऊक होतं?"

आईने तिच्याकडे पाहिलं. मग तिने तिला वळवता येत होती तेवढी एकच गोष्ट वळवली. तिने मान भिंतीकडे केली.

दुपारपासून आईला कुणी कुशीवर वळवलेलं दिसत नव्हतं, पाठीखालची चादर ओलसर लागत होती. मंजुश्रीने एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, आणि आईला भिंतीकडून उचलून आपल्या बाजूला वळवलं. आईने डोळे गच्च मिटून घेतले. मंजुश्रीने तिची पाठ कोरडी केली, पावडर लावली, मागे उशी दिली, चादर बदलली. हे करताना रोज ती आईशी दिवसभराचं काहीबाही बोलायची. आज तिने सगळं मुकाट्याने केलं आणि केस धुवायला न्हाणीत निघून गेली.