नायिकेची पावलं

पडद्यावर जगबुडी आली की नायिकेच्या पावलांचा आवाज मी काढते. चित्रीकरणात पावलं नीट ऐकू येत नाहीत, म्हणून मागाहून स्टुडिओत तिच्या पायांकडे बघत खडीवर, फरशीवर चालायचं. पूर्वी हे काम सोपं होतं. उंच टाचा घालायच्या, नायकामागून टकटक पळायचं आणि ठरल्या जागी धडपडायचं. जग बुडालं तरी बाईच्या टाचा काही सुटायच्या नाहीत.

बाळंतपणानंतर परत आले, तर नायिकाच बदललेली. आता जग तीच वाचवते. पायांत जाडजूड बूट, चाल दमदार. ध्वनिमुद्रण करणाऱ्या काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि या नायिकेचे पाय पैलवानाकडे देऊ या म्हणाले. पैलवान म्हणजे आमच्याकडे नायकाची पावलं काढणारा. तो बिचारा ओशाळला. "वहिनी, मला काही हौस नाही हो नायिका व्हायची."

मला हसू आलं. पण नायिका गेली तर माझ्या वाट्याला उरणार काय? गर्दीतल्या बायकांची पळापळ. मी एक संधी मागून घेतली.

प्रसंग असा, की नायिका आपलं मूल तळघरात ठेवते आणि निघते. थांबत नाही, वळून बघत नाही.

बाहेर आई माझ्या बाळाला घेऊन बसली होती. दारातल्या जाड काचेतून तो रडताना दिसत होता. तोंड उघडं, चेहरा लालबुंद, आवाज मात्र काहीच नाही. माझं पाऊल अडखळलं. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथेच अडखळलं.

"जुन्या नायिका थांबायच्या, पोरी," काका माइकवरून म्हणाले. "ही थांबत नाही."

कोपऱ्यात पैलवान बुटाची नाडी बांधू लागला.

या खेपेला मी काचेकडे पूर्ण पाठ केली. दूध दाटून आलेलं, कपडे ओले होत चाललेले. खालची खडी करकरत राहिली. एकही पाऊल चुकलं नाही.

"झकास. पाय तुझेच," काका म्हणाले.

मी बुटांसकट बाहेर धावले. बाळ आईच्या खांद्यावर झोपलं होतं.

"अगं, तू पाठ फिरवलीस तसा गप्पच झाला," आई कौतुकाने म्हणाली.

झोप मोडेल म्हणून ती नको नको म्हणत असतानाच मी त्याला ओढून घेतलं, छातीशी घट्ट धरलं. आता कुठेच जायचं नव्हतं, तरी माझे पाय जागच्या जागी चालतच राहिले.