समजूतदार उत्तर

दान यालिन नववीत होती आणि इंग्रजी उताऱ्यांखालच्या प्रश्नांशी तिचं उभं वैर होतं. गणितात पोरगी हुशार, व्याकरणही पक्कं. पण उतारा वाचून चारांतला एक पर्याय निवडायचा म्हटलं की ती पेपर काढणाऱ्याशीच भांडायला उठायची. आमच्या श्युपू तालुक्यात नववीच्या परीक्षेनंतर निम्मी मुलं वरच्या शाळेत जातात. उरलेली हातकामाच्या शाळेत, आणि तिथून बहुतेक थेट दूर दक्षिणेकडच्या ग्वांगदोंग प्रांतातल्या कारखान्यांत. यालिनची आई तिथेच, दोंगग्वानला बुटांच्या कारखान्यात होती. सलग दोन वर्षं ती नव्या वर्षाच्या सणालाही घरी आली नव्हती आणि पोरीला आजोबा सांभाळत होते.

मी तिची इंग्रजीची शिक्षिका. दुपारच्या जेवणानंतर सगळी शाळा बाकांवर डोकी टेकून झोपते. त्या वेळात मी यालिनला शिक्षकांच्या खोलीत बोलवायची आणि उतारे सोडवून घ्यायची. झोप मलाही हवी असायची, त्यामुळे माझा पारा जरा वरच असायचा.

एका उताऱ्यात एक बाप होता. मुलीच्या वाढदिवसाला तो ओव्हरटाइममुळे वेळेवर येत नाही. पाहुणे निघून गेल्यावर येतो, भिजलेला, हातात चेपलेला केक घेऊन. शेवटी मुलीला काय वाटलं? कंटाळा आला, भीती वाटली, राग आला, का मन भरून आलं? यालिननं रागावर खूण केली.

"मन भरून आलं, हे उत्तर आहे," मी म्हटलं.

"का? तो आलाच नाही ना वेळेवर."

"केक आणला ना त्यानं."

"केक दुकानातही मिळतो, बाई."

"अगं, तुला काय वाटतं ते नाही विचारलंय. लिहिणाऱ्याला काय म्हणायचंय ते विचारलंय."

"लिहिणाऱ्याचा बाप रोज घरी येत असेल मग."

हसू आलं, पण मी ते गिळलं. हसलं की ही मुलं डोक्यावर बसतात. मी तिला समजावलं की पेपर काढणारा माणूस सासूसारखा असतो. खरं काय ते तिला नको असतं, गोड काय ते हवं असतं. उताऱ्यातले आईबाप शेवटी चांगलेच निघतात आणि मुलांना शेवटी त्यांच्या कष्टांची जाणीव होतेच. रागावलेलं मूल उताऱ्याच्या सुरुवातीला चालतं, शेवटी कधीच नाही. तेव्हा प्रश्न आधी वाचायचे, सगळ्यांत समजूतदार पर्याय शोधायचा आणि पुढे सरकायचं. खरं कोणी विचारत नाही.

काही आठवडे हे पालथ्या घड्यावर पाणी होतं. मग मार्चमध्ये एकदम काहीतरी वळलं. आजारी आजी, चुकीची कबुली देणारा भाऊ, न बोलता छत्री देऊन जाणारा शेजारी, कसलाही उतारा येवो, यालिन पाहता पाहता खुणा करून कागद माझ्यापुढे सरकवू लागली. सगळ्या बरोबर. भांडण नाही, हुज्जत नाही. मुख्याध्यापकांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. मला बरं वाटलं, उगाच खोटं कशाला बोलू.

एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगचा सण आला. पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत काढायला बाहेरगावची माणसं घरी येतात, तशी यालिनची आईही आली. परत निघायच्या दिवशी दुपारी ती मला भेटायला शाळेत आली. चाकांची बॅग फाटकाशी ठेवली होती आणि हातात कोंड्यात घातलेली गावठी अंडी होती. बारीक चणीची बाई, केस ताजे रंगवलेले. नको नको म्हणता तिनं अंडी माझ्या टेबलावर ठेवली.

"बाई, तुम्ही माझ्या पोरीचं सोनं केलंत," ती म्हणाली. "आधी फोनवर धड बोलायची नाही. मी काही विचारलं की फोन आजोबांकडे द्यायची. आता किती शहाणी झालीय."

"काय म्हणाली?"

"मी खरं तर राहायचं म्हणूनच आले होते. इथे संत्र्यांच्या गोदामात काम मिळतंय. पगार कमी, पण पोरगी डोळ्यांसमोर राहील. काल तिला विचारलं, आई जवळ नसते त्याचा राग येतो का गं? तर म्हणाली, नाही आई, तू माझ्यासाठीच कष्ट करतेस, मला जाणीव आहे, तू काळजी करू नकोस." तिनं नाक पुसलं. "इतकी मोठी झाली. आता माझी गरज नाही तिला. मग म्हटलं, जाते परत, चार पैसे तरी पाठवीन. बस आहे आत्ता."

ती वाक्यं माझ्या ओळखीची होती. गेल्याच आठवड्यातल्या उताऱ्याखालचा तो पर्याय होता, जवळजवळ शब्दाला शब्द. त्याला दोन गुण होते. मला त्या बाईकडे बघवेना. तिला काय सांगणार? तुमची पोरगी खोटं बोलली, आणि ते मी शिकवलं? ती उठली, दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि गेली.

मी वर्गात गेले. यालिन बाकावर डोकं ठेवून होती, पण झोपली नव्हती. तिला बाहेर आणलं.

"आईनं तुला विचारलं ना, राग येतो का म्हणून?"

"हो."

"मग नाही का म्हणालीस?"

"तेच बरोबर उत्तर आहे."

"आणि खरं काय?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अभ्यासक्रमाबाहेरचं विचारलंय. "खरं कोणी विचारत नाही, बाई. तुम्हीच म्हणालात."

"ती राहायला आली होती. तुझं उत्तर ऐकून निघालीय."

यालिनचा चेहरा पांढरा पडला. मी माझा फोन तिच्या हातात दिला.

"काय बोलू?"

"मला काय माहीत?" मी खेकसले. "सगळं मीच सांगू का?"

तिनं नंबर लावला आणि "आई" एवढंच म्हणाली. पलीकडून बसस्टँडचा गोंगाट आणि तिच्या आईचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"यालिन? काय झालं? आजोबा बरे आहेत ना?"

"मला राग आलाय."

"कोणाचा?"

"तुझा," यालिन म्हणाली आणि फोन बंद करून मला परत दिला. तेवढ्यात घंटा झाली आणि ती वर्गात गेली. त्या तासाला मी काय शिकवलं ते विचारू नका.

शेवटचा तास सुटला तेव्हा फाटकाबाहेर चाकांची बॅग घेऊन एक बाई उभी होती. रखवालदार तिला म्हणत होता की रस्त्यात उभ्या राहू नका, आणि ती त्याचं ऐकत नव्हती. यालिन तिच्यासमोर जाऊन थांबली. मला वाटलं, आता गळ्यात पडेल. तसं काही झालं नाही.

"आजोबांना न्यूमोनिया झाला तेव्हा कुठे होतीस?" यालिन म्हणाली. "मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा मी शेजारच्या काकूला विचारलं. नव्या वर्षाला दोन्ही वेळा मी तुझं ताट मांडलं. दोन्ही वेळा. आणि तू काय पाठवलंस? बूट. तेही लहान झाले."

मुलं थांबून बघू लागली. रखवालदार आत निघून गेला. आईनं बॅग सोडली होती, मान खाली होती, आणि रंगवलेल्या केसांमधून पांढरी मुळं दिसत होती. दम लागून यालिन थांबली.

"बोल," आई म्हणाली. "अजून बोल."